पंपाचे गणित आणि नर्सबाईचे गणित



बारावी झाली की आपल्या मंगरूळपीर भागातल्या मुली नर्सिंगला जातात. कोणी दोन वर्षांच्या ए.एन.एम.ला, तर कोणी तीन वर्षांच्या जी.एन.एम.ला. मुलगी कला शाखेची असली तर गणिताची वही बहुधा दहावीलाच मिटलेली असते. पुढे औषधाच्या मात्रेचे हिशेब आले की ती बावरते. पण बावरण्याचे कारण नाही. हे गणित तुमच्या घरात दर फवारणीला होते. त्याचे नाव त्रैराशिक.

१० लिटर पाण्याला २० मिलि औषध, तर १५ लिटरच्या पंपाला किती? ३० मिलि. हे ज्या मुलीला येते, तिला पुढचेही येईल.

२०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, कित्येकांचे प्राण गेले. फॉस्फरस गटाच्या कीटकनाशकाची बाधा असेल तर ॲट्रोपिनचे इंजेक्शन देतात. त्याच्या १ मिलिच्या कुपीत साधारणपणे ०.६ मिलिग्रॅम औषध असते. डॉक्टरांनी ३ मिलिग्रॅम सांगितले, तर कुप्या किती? ३ भागिले ०.६, म्हणजे ५. घाईत दशांशचिन्ह सुटले आणि ०.६ चे ६ वाचले, तर उत्तर येते अर्धी कुपी. म्हणजे रोग्याच्या अंगात औषध जाईल दहावा हिस्सा! आणि खाटेवरचा माणूस आपल्यातलाच कोणी असेल.

दुसरी गोष्ट लेबलाची. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के मिळते, तसे ७० टक्केही मिळते. नाव एक, पण जोर वेगळा. तापाच्या पॅरासिटामॉलचेही तसेच. एका बाटलीत ५ मिलिमध्ये १२५ मिलिग्रॅम, तर दुसरीत २५० मिलिग्रॅम असते. डॉक्टरांनी बाळाला १५० मिलिग्रॅम सांगितले, तर पहिल्या बाटलीतले ६ मिलि आणि दुसरीतले ३ मिलिच द्यायचे. म्हणून ‘एक झाकण द्या’ हा हिशेब शेतातही नको आणि दवाखान्यातही नको.

तिसरे सलाईन. ते आपल्या ठिबकासारखेच. ताशी ४ लिटरचा ड्रिपर असेल आणि झाडाला ६ लिटर पाणी हवे असेल, तर दीड तास चालवावा लागतो. सलाईनच्या नळीच्या पाकिटावर १ मिलिचे थेंब किती ते छापलेले असते. समजा २० आहेत आणि ५०० मिलि ८ तासांत द्यायचे आहे. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब. ८ तासांची मिनिटे ४८०. भागाकार केला की मिनिटाला सुमारे २१ थेंब.

मुलीला या चार सवयी लावा :

१. आधी माप एक करावे. १ ग्रॅम म्हणजे १००० मिलिग्रॅम.

२. दशांशचिन्हाआधी शून्य लिहावे. नुसते .५ लिहू नये, ०.५ लिहावे. ५ च्या जागी ५.० लिहू नये.

३. आधी अंदाज बांधावा, मग हिशेब करावा. उत्तर दहा कुप्या किंवा कुपीचा कणभर भाग आले, तर थांबून पुन्हा करावा.

४. शंका आली तर सोबतच्या सिस्टरकडून तपासून घ्यावे. विचारण्यात कमीपणा नाही.

औषध किती द्यायचे ते डॉक्टर ठरवतात. ते बरोबर मोजून देणे मात्र नर्सबाईच्या हातात असते. आजीला पावकी, निमकी, सवायकी तोंडपाठ असेल तर सुटीत रोज दहा मिनिटे नातीकडून म्हणवून घ्या. पुढच्या फवारणीला औषधाचा हिशेब लेकीलाच करू द्या. औषधाला हात लावू देऊ नका, फक्त वही-पेन्सिल द्या.

घरी सोडवा :

(अ) कुपीत ०.६ मिलिग्रॅम, हवे १.८ मिलिग्रॅम. कुप्या किती?

(आ) ५ मिलिमध्ये २५० मिलिग्रॅम, हवे २०० मिलिग्रॅम. किती मिलि?

(इ) ५०० मिलि सलाईन ४ तासांत, १ मिलिचे २० थेंब. मिनिटाला किती?

उत्तरे : (अ) ३ कुप्या, (आ) ४ मिलि, (इ) सुमारे ४२ थेंब.