व्हेगन हॉटेलचं मेनूकार्ड एकरात मोजा



भाचा पुण्यात व्हेगन हॉटेल काढतोय. दहा टेबलांचं, साधंच. व्हेगन म्हणजे मांस-अंडी तर नाहीच, पण दूध, दही, तूप आणि मधसुद्धा नाही. मेनूकार्ड पाठवून म्हणाला, "मामा, जरा बघा की."

बघितलं. क्विनोआचं सॅलड, बदामाचं दूध, ॲव्होकॅडो टोस्ट, टोफू. क्विनोआ मूळचा अँडीज डोंगरातला, बदाम कॅलिफोर्नियाचा. टोफू सोयाबीनचा, त्याला माझी ना नाही. बाकी आपल्या शिवारातलं म्हणाल तर वरून भुरभुरलेली कोथिंबीर.

माझं मत स्पष्ट आहे. आपलं कोरडवाहू भागातलं जेवण बरंचसं व्हेगनच आहे, फक्त कुणी तसं म्हणत नव्हतं. ज्वारीची भाकरी, पिठलं, मटकीची उसळ, हुलग्याचे शेंगोळे, भरली वांगी, ठेचा, जवसाची आणि कारळ्याची चटणी. कोकणातली नारळाच्या दुधाची सोलकढी. यात नकली काही घालावं लागत नाही. ताटातलं ताक आणि लोणी काढलं की झालं.

भाच्याला म्हटलं, आठ-नऊ पदार्थ बास. मटकी भिजवून मोड यायला दीड दिवस जातो, पण उरली तर मिसळीत खपते. शेंगदाण्याचं कूट वांग्यातही चालतं, आमटीतही. भाकरीचं मात्र तसं नाही. ज्वारीत ग्लूटेन नसतं, भाकरी गार झाली की कडक होते. म्हणून भाकरी थापणारी बाई आधी ठरव, मोठा फ्रीज नंतर घे. मिसळीचा पाव घेताना बेकरीवाल्याला विचार, दूध-बटर वापरतो का. दोन पदार्थ हंगामाचे ठेव. पावसाळ्यात आंबाडी, कर्टोली. थंडीत हुरडा, तुरीचे ओले दाणे, वांग्याचं भरीत. उन्हाळ्यात पन्हं आणि कोकम.

आता मुद्द्याचं. दिवसाला 60 ताटं धरा, महिन्याला 26 दिवस. ताटाला 40 ग्रॅम मटकी म्हटलं तर वर्षाला साडेसात क्विंटल होते. कोरडवाहू मटकी एकरी अडीच क्विंटल धरली, तर तीन एकर. ताटाला दोन भाकरी म्हणजे 200 ग्रॅम पीठ, वर्षाला 37 क्विंटल ज्वारी. एकरी पाच क्विंटल धरली तर साडेसात एकर. एका छोट्या हॉटेलमागं दहा एकर रान! आणि तेही असं, की ज्याला पाणी नाही म्हणून आपण नाईलाजानं पेरतो.

पण हे एकर आपले व्हायचे असतील तर भाव आणि माल पेरणीआधी ठरला पाहिजे. नाहीतर तो मार्केट यार्डातून मिळेल ती ज्वारी उचलणार, कार्डावर "गावरान" लिहिणार आणि आपण तिथंच. भाच्यालाही हेच सांगितलं. नात्यातला म्हणून सूट नाही.

कुणी म्हणेल, तुझ्या गोठ्यात दोन गाई, दहा दिवसाला दुधाचा पगार घेतोस आणि व्हेगनची वकिली कसली करतोस? प्रश्न बरोबर आहे. मी कुणाला दूध सोडा म्हणत नाही. माझं घर त्यावरच चालतं. पण शहरातला माणूस स्वतःहून दूध सोडत असेल, तर ती रिकामी जागा बाहेरून आलेल्या बदामानं का भरायची? आपल्या कडधान्यानं आणि तेलबियांनी भरू दे. आणि ज्वारी वाढली तर कडबाही वाढतो. तो खाणार कोण? माझ्याच गाई.

कृषी विभागातल्या मित्रांना एक विनंती. हुलगा आणि मटकी निवडून, स्वच्छ करून 25 किलोच्या पोत्यात द्यायची सोय गटानं कशी करावी, ते सांगा. हॉटेलवाला खडे निवडत बसणार नाही.

आणि तुमच्या भागातला दूध-तूप नसलेला एक पदार्थ लिहा. भाच्याचं कार्ड अजून छापायचं आहे.