बदली गाडी : मेहेरबानी की हक्क?

भूम तालुक्यात जनावरांची डॉक्टरकी करणारे आमचे एक जुने विद्यार्थी गेल्या आठवड्यात कचेरीत आले, ते एस.टी.ने आणि तेही वाटेत गाडी बदलून. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मोठ्या हौसेने विजेवर चालणारी मोटार घेतली होती व ती दाखविण्यासाठी ते मुद्दाम आमच्या घरी आले होते. तेव्हा गाडी कोठे आहे, हे विचारणे ओघानेच आले. गाडी सव्वीस दिवसांपासून दूरच्या एका मोठ्या शहरातील दुरुस्तीच्या कारखान्यात उभी होती. येत्या सोमवारी मिळेल, असा निरोप होता. तोच निरोप त्याआधीच्या दोन सोमवारांसाठीही आला होता.

ह्या गृहस्थांचा व्यवसाय वाड्यावस्त्यांवरचा आहे. बालाघाटाच्या चढउतारांवरून दिवसाकाठी ऐंशी-नव्वद किलोमीटर फिरावे, तेव्हा कोठे दहा-बारा गोठे पाहून होतात. उस्मानाबादी शेळी ही आपल्या जिल्ह्याने देशाला दिलेली जात. तिच्या एका वेतावर एखाद्या घराचे चार महिन्यांचे मीठ-मिरची निघते. पेट्रोलच्या गाडीस किलोमीटरमागे सहा-सात रुपये पडत, तेच काम घरच्या विजेवर दीड रुपयाच्या आत होते, हा त्यांचा हिशेब चोख होता. राहून गेला होता तो एकच रकाना. एके सकाळी गाडीने वीज घेण्याचेच नाकारले. गावातील फिटरने पुढचे झाकण उघडले, नारिंगी वेष्टनाच्या जाड तारा पाहिल्या आणि हात मागे घेतला. त्याने योग्यच केले. बहुतेक विद्युत मोटारींत त्या तारांमधून तीनशे ते चारशे व्होल्टचा दाब खेळत असतो, व त्यांच्याशी खेळ करणे म्हणजे जिवाशी खेळ करणे होय. मग गाडी ट्रेलरवर चढली आणि दोनशेहून अधिक किलोमीटर दूर गेली.

त्यांनी कारखान्याकडे बदली गाडी मागितली. उत्तर मिळाले की, ‘कर्टसी कार’ एकच आहे, ती दुसऱ्या ग्राहकाकडे गेली आहे, आणि ती मोकळी झाली तरी शहराच्या हद्दीबाहेर नेता येणार नाही. “सर, मी शहरात राहत असतो तर मला तिची गरजच पडली नसती. रिक्षा होती, बस होती,” असे ते म्हणाले, आणि आमच्यापाशी त्यावर उत्तर नव्हते. विक्रेत्याचे नाव आम्ही येथे देत नाही. एका दुकानदाराला चावडीवर उभे करून हा प्रश्न सुटणारा नाही.

आम्ही बरीच वर्षे शाळेत भाषा शिकविली; त्या जुन्या खोडीने आमचे लक्ष प्रथम त्या शब्दावरच गेले. कर्टसी म्हणजे सौजन्य. सौजन्य हे देणाऱ्याच्या मर्जीवर असते. त्याची पावती नसते व ते नाकारले गेले तर दाद मागता येत नाही. गाडी विकताना मात्र सौजन्याची भाषा कोणी करीत नाही. तेथे किंमत असते, हप्ता असतो, बॅटरीची आठ वर्षांची हमी असते, आणि प्रत्येकाखाली सही असते. ग्राहकाचे पैसे करारातले आणि ग्राहकाची सोय तेवढी सौजन्यातली, ही वाटणी आम्हांस मान्य नाही. दुरुस्तीच्या काळात चालती गाडी मिळणे हा विद्युत मोटारीच्या विक्रीचाच भाग असला पाहिजे, व तो विक्रीच्या कागदावर लिहिलेला असला पाहिजे.

विद्युत मोटारीचाच आग्रह का, पेट्रोलची गाडी काय नादुरुस्त होत नाही, असे कोणी विचारील. होते, पण ती बिघडली तर तुळजापुरात, कळंबमध्ये, उमरग्याच्या हमरस्त्यावर तिला हात लावणारे दहा गॅरेजवाले आहेत. शंभर वर्षांत ही विद्या गावोगाव झिरपली आहे. विद्युत मोटारीची विद्या अजून कंपनीच्या दारातच उभी आहे. तिचे बिघाड पान्याने कळत नाहीत, संगणक जोडावा लागतो. तो संगणक व ती संगणकप्रणाली कंपनीच्या अधिकृत कारखान्यातच असते. सुटा भाग म्हणाल, तर बॅटरीचा संच, वीज घेणारे यंत्र किंवा मोटारीला वीज पुरविणारे यंत्र हे तालुक्याच्या दुकानात मिळत नाहीत, आणि पुष्कळदा कारखान्याच्या कोठारातही नसतात. दुरुस्ती चार तासांची, प्रतीक्षा चार आठवड्यांची, असा प्रकार होतो तो यामुळे.

यात एक उपरोधही आहे, आणि या प्रश्नाचे मूळ आमच्या मते त्यातच आहे. विद्युत मोटारीस देखभाल खरोखरच कमी लागते. इंजिनाचे तेल नाही, क्लच नाही, फिरणारे भाग थोडे. विक्रेता हेच सांगून ती विकतो व ते खोटे नाही. परंतु मोटारविक्रीच्या धंद्यात नव्या गाडीवरचा नफा बेताचाच असतो. दुकान चालते ते बव्हंशी तेलपाणी आणि दुरुस्ती यांवर. ते उत्पन्न आटले की दुरुस्तीचे कारखाने थोडे राहणार, ते मोठ्या शहरांत राहणार, आणि दोन-चार गाड्या ग्राहकांसाठी रिकाम्या उभ्या ठेवण्याचा उत्साह कोणाला उरणार नाही. म्हणजे जो गुण सांगून गाडी आडगावात विकली जाते, तोच गुण आडगावाला सेवेपासून दूर ठेवतो. हे विक्रेत्याच्या दुष्टपणाने होत नाही. व्यवहाराच्या गणितानेच होते, आणि म्हणूनच ते त्याच्या चांगुलपणावर सोडून भागणार नाही.

कंपन्यांना याची जाणीव नाही असेही नव्हे. अमेरिकेत टेस्ला कंपनीने एप्रिल २०१३ मध्ये जाहीर केले होते की, दुरुस्तीस आलेल्या ग्राहकाला आपली सर्वांत भारी गाडी बदली म्हणून दिली जाईल, आणि ती मनास आली तर ग्राहकाने तीच विकत घ्यावी. त्यात विक्रीची हुशारी होती, पण सोयही होती. पुढे ग्राहक वाढले, तसे अनेकांना गाडीऐवजी उबरच्या भाड्याची रक्कम मिळू लागली. हीच कंपनी जुलै २०२५ मध्ये मुंबईत दुकान थाटून बसली आहे. मुंबईकराला उबरचे भाडे पुरेल. भूमच्या वस्तीवर ते घेऊन काय करावयाचे?

बिघाडाचे भय काल्पनिक नाही, हेही सांगितले पाहिजे. २०२४ च्या जून-जुलैमध्ये ह्युंदाईने आयोनिक ५ या १,७४४ आणि कियाने ईव्ही६ या १,१३८ गाड्या आपल्या देशात तपासणीसाठी परत बोलावल्या. दोहोंत शंका होती ती वीजभरणाच्या एकाच प्रकारच्या यंत्राविषयी. दोष मान्य करून गाड्या बोलावणे हा प्रामाणिकपणा होय. दुचाकीवाल्यांचा अनुभव याहून कडू आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला इलेक्ट्रिकला नोटीस दिली, तेव्हा एका वर्षात जमलेल्या तक्रारींचा आकडा दहा हजारांच्या वर गेला होता. बहुतेक तक्रारींचे निवारण केल्याचे कंपनीने पुढे कळविले. परंतु नवी गाडी खपविण्याचा वेग आणि ती दुरुस्त करण्याचा वेग यांची फारकत किती होऊ शकते, हे त्या आकड्याने दाखवून दिले.

आमच्याच जिल्ह्यातील माणसाला ज्याची सवय आहे, असे दोन दाखले येथे देतो. १ जून १९४८ रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला पहिली एस.टी. धावली. तेव्हापासून एस.टी.वर हजार टीका झाल्या, त्यांतील काही आम्हीही केल्या. परंतु गाडी येडशीच्या घाटात बंद पडली, तर त्याच तिकिटावर मागच्या गाडीत बसता येते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. वाहक हे सौजन्य म्हणून करीत नाही. तिकीट प्रवासाचे असते, त्या विशिष्ट पत्र्याच्या डब्याचे नसते. दुसरा दाखला रोहित्राचा, ज्याला आपल्याकडे सगळेच डीपी म्हणतात. डीपी जळाली तर ग्रामीण भागात ४८ तासांत ती बदलून वीज सुरू करावी, अन्यथा ग्राहकास भरपाई द्यावी, असा राज्य वीज नियामक आयोगाचा दंडक आहे. तो नेहमी पाळला जातो असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. ऐन रब्बीत पंधरा-पंधरा दिवस अंधारात बसलेली गावे आम्ही पाहिली आहेत. तरी दंडक आहे म्हणून तर मोर्चा काढता येतो. आणि त्याची रचना पाहा: जळालेली डीपी दुरुस्त होईपर्यंत थांबा, असे त्यात नाही; दुसरी आणून बसवा, असे आहे.

येथे विक्रेत्याची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती खोटी नाही. दहा-बारा लाखांची गाडी नुसती उभी ठेवावयाची, तिचा विमा भरावयाचा, आणि ती नेणारा ग्राहक कसा निघेल याची शाश्वती नाही. परक्याची गाडी हाती आली की अक्कलकोट, गाणगापूर आणि पंढरपूर एका दमात उरकून घेणारे आपल्यात कमी नाहीत. आपली गाडी तयार झाल्याचा फोन चार दिवस न उचलणारेही आहेत. भाडे आकारावे म्हटले, तर खाजगी नोंदणीची मोटार भाड्याने देता येत नाही आणि अशा वापरात अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. तेव्हा हा भार एकट्या दुकानदारावर टाकणे अन्यायाचे होईल. तो गाडी बनविणाऱ्या कंपनीने उचलला पाहिजे. भाग वेळेवर न पाठविणारी तीच असते, व विद्या आपल्याकडे राखून ठेवणारीही तीच. प्रतीक्षेच्या प्रत्येक दिवसाचा खर्च तिच्या खात्यावर पडू लागला, तर सुटे भाग सोलापूर-लातूरच्या कोठारांत आपोआप दिसू लागतील, अशी आमची अटकळ आहे. ग्राहकाने मात्र अनामत ठेवावी, किलोमीटरची वाजवी मर्यादा पाळावी. त्यास आमची हरकत नाही. गाडी नवी नसली, विजेवरची नसली, तरीही चालेल. जनावरांच्या डॉक्टरला गोठ्यापर्यंत पोचावयाचे असते, मिरवावयाचे नसते.

मोटारवाल्यांची एवढी काळजी वृत्तपत्राने का वाहावी, हा आक्षेप आम्हांस अपेक्षित आहे. ज्या जिल्ह्यात पाण्याचा टँकर ही बातमी नसून दिनचर्या आहे, तेथे मोटारीची बदली हा चैनीचा प्रश्न वाटेल. पण गाडी विजेवरची म्हणजे श्रीमंताचीच, हा समज जुना झाला. कर्ज काढून घेतलेली मालवाहू तीनचाकी आणि प्रवासी रिक्षा आता विजेवर धावू लागल्या आहेत. त्यांच्या मालकाची गाडी महिनाभर बंद राहिली तर रोजची मिळकत थांबते. हप्ता थांबत नाही. बदलीचा दंडक व्हावयाचा, तर त्यात तीनचाकी पहिली असली पाहिजे, असेच आम्ही म्हणू.

शासनाने या गाड्यांसाठी हात सैल सोडला आहे. १ ऑगस्ट २०१९ पासून त्यांवरील वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये व पुन्हा २०२५ मध्ये विद्युत वाहन धोरण आणले. दुसऱ्यात ठरावीक मार्गांवर पथकरमाफी आहे, राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला वीजभरणाची सोय करण्याचा संकल्प आहे. संकल्प उत्तम आहे. पण ही माफी आणि हे अनुदान शेवटी जनतेच्या पैशातून येते. ज्या कंपनीच्या मालाचा खप त्या पैशाने वाढतो, तिला शासनाने एक अट घालावी: ४८ तासांत दुरुस्ती झाली नाही तर तिसऱ्या दिवशी चालती गाडी, व तीही शहराच्या हद्दीची आडकाठी न घालता. डीपीला जो न्याय, तोच मोटारीला.

तोवर कायद्यात जे आहे त्यावर भिस्त ठेवावी लागेल. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून अमलात आहे. विक्रेता कोठलाही असो, ग्राहकास आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे त्यासाठी पुण्यास खेटे घालावे लागत नाहीत. परंतु ज्या तक्रारीत तपासणीची गरज नाही, तिच्या निकालासाठीही कायद्याने तीन महिन्यांची मुदत मानली आहे; सव्वीस दिवसांची अडचण त्या चौकटीत बसत नाही. शिवाय हमीपत्राच्या बारीक टायपात बहुधा लिहिलेले असते की, गाडी बंद राहिल्याने होणाऱ्या नुकसानीस कंपनी जबाबदार नाही. असे एकतर्फी कलम अनुचित ठरविण्याची वाट याच कायद्याने खुली केली आहे. तो दावा मात्र राज्य आयोगापुढे न्यावा लागतो, आणि तेवढी चिकाटी असणारा ग्राहक विरळा. विम्यातील दैनिक भत्त्यावरही कोणी विसंबू नये. तो अपघाताच्या दुरुस्तीसाठी असतो, यंत्राच्या बिघाडासाठी नव्हे.

म्हणून दसरा-दिवाळीच्या मुहूर्तावर विजेवरची गाडी घेऊ पाहणाऱ्या आमच्या वाचकांनी रंग आणि पडद्याची लांबी पाहून झाल्यावर तीन प्रश्न विचारावेत: जवळचा अधिकृत कारखाना किती किलोमीटरवर आहे, गाडी तेथे नेण्याचा खर्च कोणाचा, आणि गाडी अडकून पडली तर बदली गाडी किती दिवसांनी व कोठपर्यंत मिळेल. उत्तरे नोंदणीच्या पावतीवर लिहून घ्यावीत. विक्रेता लिहून देण्यास तयार नसेल, तर त्याचा नकार तरी ई-मेलने मागवून जपून ठेवावा. जिल्हा आयोगापुढे तोही कामास येतो.