दुकान मोबाइलवर आले, पण आंधळ्या ग्राहकाला भाव कोण सांगणार?

बोरगाव (मेघे) : वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघेसारख्या गावांत दुकानाचा धंदा आता अर्धा मोबाइलवर आला आहे. भाव काय, दुकान किती वाजता उघडते, माल घरपोच मिळतो का, हे विचारायला आधी चक्कर टाकावी लागायची. आता ग्राहक घरबसल्या वेबसाइट पाहतो. पण ज्याला दिसतच नाही, त्याने काय करायचे?

ही संख्या लहान नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, त्यातले २९ लाखांहून जास्त महाराष्ट्रातले. त्यानंतर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. मोतीबिंदू झालेले आजोबा आणि भर उन्हात वावरात उभे राहून फोन पाहणारा शेतकरी यात धरलेलेच नाहीत. अडचण मात्र त्यांचीही तीच आहे.

दृष्टिहीन माणूस फोन कानाने वापरतो. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते. पडद्यावर बोट फिरवले की तिथे लिहिलेले ती बोलून दाखवते. संगणकावर हेच काम एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर करते. अट एकच, लिहिलेला मजकूर खरोखर अक्षरांत पाहिजे.

आपल्याकडे गाडी नेमकी इथेच अडते. दुकानदार दिवाळीची भावयादी फ्लेक्सवाल्याकडून बनवून घेतो. तिथे बऱ्याचदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टायपिंग होते. तो मजकूर उचलून वेबसाइटवर टाकला तर भलतीच अक्षरे उमटतात. मग सोपा उपाय म्हणून अख्ख्या पॅम्प्लेटचा फोटोच चढवला जातो. डोळस माणसाला त्यात सगळे दिसते. टॉकबॅक मात्र बहुतेक वेळा ‘इमेज’ एवढेच म्हणून पुढे जातो. काही नव्या फोनमध्ये फोटोतला मजकूर वाचायची सोय आली आहे, पण रंगीबेरंगी फ्लेक्सवरचे मराठी भाव त्यात बरोबर येतीलच याचा भरवसा नाही.

बाकीच्या चुकाही रोजच्याच. पिवळ्यावर पांढरी अक्षरे. ‘भावासाठी फोन करा’ एवढेच लिहिलेले, म्हणजे ऐकू न येणारा ग्राहक बाहेर. ऑर्डरच्या फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात नाव आणि कुठे पत्ता, ते बोलणाऱ्या फोनला कळतच नाही.

ही फक्त खेड्यातली गोष्ट नाही. अमेरिकेतली वेबएम ही संस्था दरवर्षी जगातल्या १० लाख वेबसाइटची पहिली पाने तपासते. २०२५ मध्ये त्यातल्या ९४.८ टक्के पानांत दोष निघाले. सर्वात जास्त आढळला तो फिक्या अक्षरांचा. त्याच देशात एका अंध ग्राहकाला वेबसाइटवरून पिझ्झा मागवता आला नाही म्हणून डोमिनोज कोर्टात खेचली गेली. २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील ऐकायलाच नकार दिला.

भारतातही वारे त्याच दिशेने आहे. २०१६ च्या कायद्याचे कलम ४६ सेवा देणारा सरकारी असो की खासगी, दोघांनाही सुलभतेचे नियम लावते. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत, नंतर ५० हजार ते ५ लाख दंडाची तरतूद आहे. पण २०१७ चे नियम नुसते सल्ला दिल्यासारखे होते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यातला नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष ठरवायला केंद्राला तीन महिने दिले. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी याच न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. त्या प्रकरणातल्या अ‍ॅसिड हल्ला पीडितांना केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर पापणी लववता येत नव्हती, म्हणून काम अडले होते.

म्हणून उद्या गल्लीतल्या किराणा दुकानावर नोटीस येईल, असे नाही. युरोपातला २८ जून २०२५ पासून लागू झालेला सुलभता कायदाही दहापेक्षा कमी माणसांच्या छोट्या सेवा-व्यवसायांना सूट देतो. पण इथे प्रश्न दंडापेक्षा गिऱ्हाइकाचा आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळाले. ती पुण्या-मुंबईतून मागवणाऱ्याला भावच वाचता आला नाही, तर तो दुसऱ्याच्या साइटवर जाईल. परत सांगायलाही येणार नाही.

दुरुस्तीला फार खर्च नाही. भावयादी युनिकोडमध्ये टाइप करून टाकावी, फोटो राहू द्यावा. प्रत्येक फोटोला एका ओळीचे वर्णन जोडावे : ‘हळद पावडर, अर्धा किलोचे पाकीट’. अक्षरे गडद, पार्श्वभूमी फिकी ठेवावी. आंतरराष्ट्रीय निकष दोन्हींतला फरक किमान ४.५ ला १ इतका सांगतो. फोन नंबरसोबत व्हॉट्सअ‍ॅप द्यावे. फॉर्मच्या प्रत्येक रकान्याला नाव द्यावे.

खरी पकड वेबसाइट बनवून घेतानाच आहे. दुकानदार रंग बघतो, लोगो बघतो आणि पैसे देऊन मोकळा होतो. शेवटचा हप्ता देण्याआधी बनवणाऱ्याला एवढेच म्हणावे, ‘भाऊ, टॉकबॅक चालू कर, डोळे मीट आणि अर्धा किलो हळदीची ऑर्डर देऊन दाखव.’ जमली तर हिशेब चुकता करावा. नाही जमली, तर काम अजून बाकी आहे.