एक्स्पोर्टचा माल

वाशीच्या एपीएमसी मार्केटात यंदा हापूसची पेटी घ्यायला गेलो, तर दलाल म्हणाला, “काका, ही एक्स्पोर्टची. तुमची ती पलीकडची.” पलीकडचीचा दर ऐकूनच मी गार!

शेजारी नातू कानात बोंडं खुपसून डोलत होता. “आबा, ऐका ना!” ऐकलं. खरखर, घरघर, मध्येच गिटारची किंकाळी. “अमेरिकेचं का रे?” “छे, मुंबईचंच! ॲटॉमिक फॉरेस्ट.”

आता वरमायची पाळी माझी. सत्तरच्या दशकात ही मुलं आधी परदेशी गाणी वाजवायची, मग स्वतःची रचू लागली. त्यांची ‘ऑब्सेशन ’७७’ ही तबकडी निघाली १९८१ साली. म्हणजे जन्मतःच चार वर्षांची! आणि आम्ही? ‘धांगडधिंगा’ म्हणून खिडक्या लावून घेतल्या. मग २०११ साली अमेरिकेतल्या नाऊ-अगेन कंपनीने ती पुन्हा काढली, आणि आम्हांला एकदम ‘आपल्या मुंबईचा वारसा’ आठवला.

माझं स्पष्ट म्हणणं आहे : आपण गाणं ऐकतच नाही, पेटीवरचा शिक्का वाचतो. आंबा चांगला की वाईट ते दुबईने ठरवायचं, गाणं अमेरिकेने. मग आपण टाळ्या पिटायच्या. अहो, त्या टाळ्या त्या पोरांना तेव्हा हव्या होत्या!

परतताना नातवाने हळूच स्वतःच्या बँडच्या तालमीसाठी जागा मागितली. असल्या बँडांना गॅरेज लागतं म्हणे. आमच्याकडे मोटारच नाही, गॅरेज कुठलं? हॉल देऊन टाकला.

कानांत घालायला पेटीतला पेंढा आहेच!