दोन प्रतापगड, एकच पडदा

१/
महाराष्ट्रात प्रतापगड दोन आहेत. एक जावळीच्या खोऱ्यातला. त्याच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखान मारला गेला. दुसरा गोंदिया जिल्ह्यातला, अर्जुनी मोरगाव तालुक्याच्या जंगलातला. तेथे महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते आणि तिथल्या दर्ग्यावरही भाविकांची रीघ असते. पहिला शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. दुसऱ्याचा विषय काढला, तर इतिहासाची आवड सांगणारा तरुणही विचारतो, 'तिकडे कुठे प्रतापगड?' हा धागा त्या प्रश्नाविषयी आहे.

२/
प्रतिपाद्य आरंभीच मांडतो. 'बाजीराव मस्तानी', 'तान्हाजी', 'छावा' हे चित्रपट आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या लोकप्रिय ऐतिहासिक कादंबऱ्या यांना आपण इतिहास म्हणून जी प्रतिष्ठा दिली आहे, ती अवाजवी आहे. रंजन म्हणून त्या कोणालाही आवडोत. रुचीवर खटला भरता येत नाही. पण आवडत्या गोष्टीला पुराव्याचा दर्जा देणे ही वेगळी बाब आहे, आणि तिची किंमत कोणीतरी मोजत असते.

३/
'तान्हाजी'पासून (२०२०) सुरुवात करू. सिंहगड म्हटले की दोन गोष्टी हटकून आठवतात: घोरपड आणि 'गड आला पण सिंह गेला'. घोरपडीची कथा पोवाड्यातून आली. शिवकाळाला सर्वांत जवळची असलेली सभासदाची बखर (१६९७ च्या सुमारास) मावळे वानरासारखे कडा चढून गेल्याचे सांगते; तीत घोरपड नाही. आणि किल्ल्याचे सिंहगड हे नाव तानाजी मालुसऱ्यांच्या मृत्यूआधीच्या, १६६३ च्या पत्रात आढळते.

४/
म्हणजे ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीचे शौर्य खोटे ठरते काय? मुळीच नाही. उलट दोराच्या आणि मनगटाच्या बळावर तो कडा चढणारी माणसे घोरपडीच्या गोष्टीपेक्षा मोठी आहेत. पडद्याला मात्र एवढ्यावर समाधान नाही. त्याला प्रचंड तोफ हवी, खलनायकाचे विकट हास्य हवे. शौर्याला अशा टेकूची गरज भासते, तेव्हा शंका शौर्यावर घ्यायची नसते. टेकू लावणाऱ्याच्या विश्वासावर घ्यायची असते.

५/
'बाजीराव मस्तानी' (२०१५) ना. सं. इनामदारांच्या 'राऊ' (१९७२) या कादंबरीवर बेतलेला. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात, यावर तेव्हा पुष्कळ गदारोळ झाला. पण चित्रपट डोक्यावर घेणाऱ्या मित्राला एकदा विचारून पाहा: १७२८ मध्ये निजामाला पालखेडजवळ कसे कोंडले? त्यानंतरचा तह कोठे झाला? तोफखाना मागे टाकायला लावून, रसद आणि पाणी तोडून मिळवलेला तो विजय बाजीरावांच्या युद्धशास्त्राचा गाभा आहे. मुंगी-शेवगाव हे तहाचे नाव दहांत दोघांनाही सांगता येईल की नाही, मला शंका आहे.

६/
आता सर्वांत नाजूक विषय: 'छावा' (२०२५). 'या चित्रपटाने संभाजी महाराजांना न्याय दिला' हे वाक्य मी इतक्यांदा वाचले आहे की त्याचा हिशोब मांडणे भाग आहे. संभाजी महाराजांना व्यसनी आणि बेजबाबदार ठरवणारी प्रतिमा बखरींनी आणि नाटकांनी रूढ केली होती, हे खरे. ती कोणी मोडली?

७/
ती वा. सी. बेंद्रे यांनी मोडली. जवळजवळ चाळीस वर्षे देशोदेशीची कागदपत्रे धुंडाळून त्यांनी १९६० मध्ये संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले. पुढे कमल गोखले यांनी 'शिवपुत्र संभाजी' लिहून ते काम पुढे नेले. शिवाजी सावंतांची 'छावा' कादंबरी १९७९ ची, चित्रपट २०२५ चा. न्याय दफ्तरखान्यात झाला. पडद्याने निकालाची मिरवणूक काढली. मिरवणुकीला माझी हरकत नाही. पण पालखीत बेंद्रे कोठेच दिसत नाहीत, याला आहे.

८/
दुसरा आक्षेप कारणमीमांसेवर आहे. या कृतींचे जग दोन कारणांवर चालते: नायकाचा पराक्रम आणि घरभेद्याची फितुरी. विजय झाला तर पहिले कारण, पराभव झाला तर दुसरे. १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर मोगलांची सगळी ताकद मराठ्यांकडे वळली. महाराजांना संगमेश्वरी पकडणारा मुकर्रबखान हा मूळचा कुतुबशाहीचाच सरदार. मराठा सरदारांना वतनाचे आमिष मोगल कसे दाखवत होते, वतन ही गोष्ट त्या काळी घराण्याला प्राणाहून प्रिय का होती, हे समजल्याशिवाय १६८९ समजत नाही.

९/
पण वतनव्यवस्था पडद्यावर दाखवायची कशी? त्यापेक्षा दोन चेहरे दाखवणे सोपे. 'छावा'त गणोजी-कान्होजींना ज्या रीतीने रंगवले, त्यावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकाने क्षमाही मागितली. क्षमा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर गेली. दृश्य लाखोंच्या मनात राहिले. जिवंत माणसांच्या आडनावाला कलंक लावायला अडीच तास पुरतात, तो पुसायला पुराव्यांचे खंडही पुरत नाहीत.

१०/
पुढचे आठवा. मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळ, असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेते खणू लागले. चित्रपटात पाहिलेले मोगलांचे सोने तिथे पुरलेले असेल, या आशेने. त्याच महिन्यात औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून १७ तारखेला नागपूर पेटले आणि पुढे एकाचा जीव गेला. दंगलीची कारणे अनेक असतात. तिचा दोष एका चित्रपटाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, आणि तसे केले तर मीही फितुरीछाप कारणमीमांसाच करत असेन. पण 'तो फक्त सिनेमा आहे' हे वाक्य त्यानंतर निरागसपणे उच्चारता येत नाही.

११/
तिसरा आक्षेप नकाशाचा. या लोकप्रिय इतिहासाचा महाराष्ट्र पुण्यापासून रायगडापर्यंत आणि फार तर पानिपतापर्यंत पसरतो. वैनगंगेच्या पूर्वेला त्याचा पडदा संपतो. वास्तविक अठराव्या शतकातल्या मराठी सत्तेचा एक मोठा अध्याय आमच्या बाजूने गेला. नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर चालून गेल्या. १७५१ च्या तहाने ओरिसा हाती आला आणि बंगालची बारा लाखांची चौथाई ठरली. कटकवर भोसल्यांचा अंमल १८०३ पर्यंत होता.

१२/
या मोहिमेचा सेनानी भास्करराम कोल्हटकर. ३१ मार्च १७४४ रोजी अलीवर्दीखानाने त्याला वाटाघाटीस बोलावून मनकऱ्याच्या छावणीत सरदारांसह ठार केले. दगा, सूड, दूरचा प्रदेश: चित्रपटाला लागणारा सगळा ऐवज येथे आहे. तरीही मराठीत भास्कररामाचा जयजयकार ऐकू येत नाही. का?

१३/
कारण त्या कथेला दुसरी बाजू आहे. सरकारी घोड्यावर चाकरी करणारा तो बारगीर. त्याचा बंगालीत 'बर्गी' झाला. बंगालची आई अंगाईत बाळाला बर्गी आल्याचे भय घालते. गंगारामाच्या 'महाराष्ट्र पुराण' या बंगाली काव्यात गावे जाळल्याची, बायाबापड्यांवरील अत्याचारांची वर्णने आहेत. कलकत्त्यात याच भयाने खणलेल्या चराला मराठा खंदक म्हणत. ज्या इतिहासात आपण कोणाच्या तरी दुःखाचे कारण आहोत, तो इतिहास आपल्या आवडत्या कृतींना परवडत नाही.

१४/
आमच्या जिल्ह्याची वस्तीसुद्धा या मोहिमांशी जोडलेली आहे. भोसल्यांच्या कटक मोहिमेत साथ दिल्याबद्दल पोवारांना वैनगंगेच्या खोऱ्यात पडीक जमिनी मिळाल्या, असे रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या ग्रंथात नोंदवले आहे. गोंदियातल्या कित्येक पोवार घरांत आज संभाजी महाराजांवरचे संवाद तोंडपाठ आहेत. स्वतःची आजेपणजे या बांधावर कशी आली, हे सांगणारा संवाद मात्र कोणी लिहून दिलेला नाही.

१५/
स्वातंत्र्यलढा हवा असेल, तर कामठा पाहा. गोंदियापासून हाकेच्या अंतरावर. १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, अप्पासाहेब भोसले पदच्युत झाले. आणि १८१८ मध्ये कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल इंग्रजांविरुद्ध उठला. कॅप्टन गॉर्डनच्या फौजेने कामठा घेतला, बंड मोडले, जमीनदारी दुसऱ्या घराण्याकडे गेली. १८५७ च्या एकोणचाळीस वर्षे आधीची ही घटना. ती गॅझेटियरच्या काही ओळींत पडून आहे.

१६/
आणि ज्यांनी तलवारच उचलली नाही, त्यांचे काय? नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी याने बांधला. सात टेकड्यांच्या, 'सात बहिणीं'च्या, कुशीतले ते पाणी इंग्रज अधिकाऱ्यांनी सुमारे पाच चौरस मैलांचे मोजले. लोकांनी कोलूला कोलासूर देव करून डोंगरावर बसवले. पाण्याचा उतार, मातीची पाळ आणि सांडव्याची जागा नुसत्या नजरेने ठरवणाऱ्या त्या माणसाला गावाने दिलेली ही पदवी कोणत्याही पुरस्काराहून मोठी आहे. पण त्याच्या आयुष्यात तलवार नाही, म्हणून पडद्याच्या लेखी तो नाही.

१७/
हे केवळ स्मरणरंजन नव्हे. कोहळ्यांचे आणि मालगुजारांचे ते तलाव, म्हणजे आजचे मामा तलाव आणि बोड्या, धानाच्या रोवणीला आजही पाणी देतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. कोणी गाळ काढायचा, कोणी पाळ राखायची, पाणी आधी कोणत्या बांधीला जायचे, यांचे जुने रिवाज हळूहळू विसरले गेले. इतिहास विसरल्याने येथे नुकसान होते ते पाण्याचे आणि पिकाचे.

१८/
आता प्रतिवाद. पहिला: 'चित्रपटांमुळे निदान तरुण इतिहासाकडे वळतात.' काही वळतात, हे मान्य. पण वळल्यावर जातात कोठे? ज्याला बेंद्रे, सभासद, पत्रसंग्रह यांपर्यंत पोचायचे आहे, त्याला मी मनापासून वाट दाखवीन. बहुतेकांचा प्रवास मात्र एका चित्रपटाकडून दुसऱ्या चित्रपटाकडे होतो. उंबऱ्यावर बसून राहिलेल्याला घर पाहिले असे म्हणत नाहीत.

१९/
दुसरा: 'कलावंताला कल्पनेचे स्वातंत्र्य हवे.' हवेच, पूर्ण हवे. पण मग प्रेक्षकाने ते कल्पना म्हणून घ्यावे आणि निर्मात्याने 'सत्य इतिहास' म्हणून विकू नये. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला (१९६८) नरहर कुरुंदकरांचे प्रदीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून जोडले आहे. महाराजांचे मोठेपण कशात शोधावे, याची परखड चिकित्सा त्यात आहे. स्वतःच्याच कादंबरीच्या दारात असा चिकित्सक उभा करणारा लेखक आदराला पात्र आहे. वाचक मात्र प्रस्तावना ओलांडून थेट पहिल्या प्रकरणाला भिडतात. आपल्या इतिहासप्रेमाचे खरे निदान त्या न वाचलेल्या पानांत आहे.

२०/
तिसरा आणि सर्वांत कडवट: 'तुम्हाला महाराजांचा अभिमान नाही.' उत्तर साधे आहे. ज्यांचा अभिमान असतो, त्यांच्याविषयी खरे जाणून घेण्याची इच्छा असते. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, अशी आज्ञा देणाऱ्या राजाचे कागद उपलब्ध आहेत. ते न वाचता पडद्यावरील गर्जनेला टाळ्या पिटणे, ही अभिमानाची स्वस्त आवृत्ती झाली.

२१/
गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. जिल्हा तरुण आहे, इतिहास नाही. आमगावजवळचे पद्मपूर हे भवभूतीचे गाव असल्याचे वा. वि. मिराशींनी मांडले, सालेकशाच्या कचारगडावर माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतले गोंड बांधव जमतात. यांवर भव्य चित्रपट निघावा, अशी माझी मागणी नाही. निघाला, तर कोलू पाटलाच्या हातीही तलवार देतील, ही भीती आहे.

२२/
मागणी वाचकांकडे आहे. पूर्व विदर्भातल्या गावांची निस्तार पत्रके आणि वाजिब-उल-अर्ज महसूल दफ्तरात असतात. कोणत्या तलावावर कोणाचा हक्क, कोणत्या जंगलातून कोणी सरपण आणायचे, हे त्यांत लिहिलेले असते. आपल्या गावचे ते कागद एकदा मागून वाचा. जे सापडेल ते या धाग्याखाली लिहा: गाव, तलाव, नोंदीचे वर्ष. पुढचा चित्रपट लागण्याआधी आपल्या हाती शंभर गावांचा इतिहास जमला, तर तो पाहताना कोठे टाळी वाजवायची आणि कोठे हात आवरायचा, हे आपले आपल्यालाच कळेल.