एक सांगाडा आणि आपली भांडणं

'आर्य बाहेरचे की इथलेच?' हा विषय कँटीनमध्ये निघाला की जेवण गार होतंच. आणि हल्ली दोन्ही पार्ट्या पुरावा एकच देतात: राखीगढीचा डीएनए!

आता गंमत बघा. हरियाणातल्या राखीगढीचं उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या टीमने केलं. उष्ण हवेत डीएनए टिकत नाही, त्यामुळे ६१ नमुन्यांपैकी कामाचा निघाला फक्त एक. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईचा. तिच्यात स्टेपच्या पशुपालकांचा अंश नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि लगेच निकाल लागला, 'कोणी आलंच नाही!'

अहो, पण तिच्यात नाही आणि आज आपल्यातल्या अनेकांत आहे, म्हणजे तो अंश नंतर आला ना? त्याच महिन्यात 'सायन्स'मधल्या पेपरने काळही दिला: साधारण इ.स.पू. २००० ते १५००.

दुसऱ्या पार्टीनेही पेढे वाटू नयेत. डीएनएवरून माणसं आली एवढं कळतं; ती तलवार घेऊन आली की गुरं हाकत, हे कळत नाही. त्यासाठी मातीच उकरावी लागते. शिवाय त्या बाईसारख्या लोकांचाच वारसा आज दक्षिण आशियात सगळ्यात मोठा आहे, उत्तरेत आणि दक्षिणेतही.

थोडक्यात, आपण सगळेच भेसळ आहोत बुवा. 'मूळचे कोण' यावरून आज कुणाला उपरं ठरवायचं असेल, तर निदान त्या बाईची साक्ष काढू नका. ती तसं काहीच म्हणालेली नाही.