कर्णाची लोकप्रियता आणि सभापर्वाचे विस्मरण

महाभारतातील सर्वांत आवडती व्यक्तिरेखा कोणती, या प्रश्नाला मराठीच्या पदव्युत्तर वर्गात मिळणारे उत्तर बहुधा ठरलेले असते : कर्ण. अंबाजोगाई तालुक्यातील घाटनांदूरसारख्या परळी-विकाराबाद लोहमार्गावरील गावातून उच्च शिक्षणासाठी बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याचे उत्तर याहून वेगळे असण्याचे कारण नाही. प्रतिकूल जन्माशी झुंजणाऱ्या गुणी माणसाची कथा त्याला आपली वाटावी, हे स्वाभाविकच आहे. मात्र या आवडीची घडण कशी झाली आणि तिच्यासाठी काय विसरावे लागले, याचा विचार मराठी समीक्षेने पुरेशा गांभीर्याने केलेला दिसत नाही.

मराठीला महाभारत नवे नाही. एकनाथांचे दौहित्र मुक्तेश्वर यांनी भारताची पर्वे ओवीबद्ध केली. श्रीधरांचा ‘पांडवप्रताप’ गावोगाव पोथी म्हणून वाचला गेला. या परंपरेत कर्ण दानशूर म्हणून वंद्य असला, तरी कथेचे केंद्र श्रीकृष्ण आणि त्याचे भक्त हेच होते. हे केंद्र बदलले ते कादंबरीने. शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ (१९६७) आणि रणजित देसाई यांची ‘राधेय’ (१९७३) या दोन कृतींनी कर्णाला मराठी वाचकाच्या अंतःकरणात अढळ स्थान दिले. ‘मृत्युंजय’मधील आत्मनिवेदनाची रचना येथे निर्णायक ठरते. कर्ण स्वतः बोलतो. वृषाली, शोण यांसारखी, महाभारतात ज्यांना जवळपास वाणीच नाही अशी माणसेही त्याच्याविषयी बोलतात. परिणामी वाचक कृत्याकडे कर्त्याच्याच दृष्टीने पाहू लागतो. कादंबरीचे हे सामर्थ्य आहे आणि तिची मर्यादाही.

ही मर्यादा द्यूतप्रसंगी स्पष्ट होते. सभापर्वात द्रौपदीच्या बाजूने विकर्ण उभा राहतो, तेव्हा त्याचे खंडन करतो तो कर्ण. द्रौपदीविषयी हीन शब्द उच्चारतो आणि वस्त्रे हिरावून घेण्यास दुःशासनाला सांगतो, तोही कर्णच. स्वयंवरात द्रौपदीने ‘सूतपुत्र’ म्हणून केलेल्या अवमानाचा हा सूड होता, असे समर्थन वाचकाच्या ओठांवर तयार असते. परंतु भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत, वि. सी. सुखटणकर यांनी संपादिलेल्या आदिपर्वाच्या (१९३३) मूळ संहितेत तो नकार नाही. प्रक्षिप्त मानून तो तळटीपेत गेला आहे. म्हणजे ज्या अपमानावर हे समर्थन उभे आहे, त्याचा संहितेतील आधारच डळमळीत आहे.

मग कर्ण आवडू नये काय? प्रश्न असा नाही. उद्योगपर्वात श्रीकृष्णाशी बोलताना, दुर्योधनाला प्रिय वाटावे म्हणून पांडवांना उद्देशून आपण कटू बोललो, याचा ताप होत असल्याचे कर्ण स्वतः सांगतो. व्यासांचा कर्ण आपला अपराध जाणतो. त्याचे चाहते मात्र तो अपराध पुसून टाकतात. अपराधासह आणि पश्चात्तापासह उभा असलेला कर्ण निष्कलंक कर्णाहून निःसंशय मोठा आहे. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) महाभारतातील माणसांना देव्हाऱ्यातून काढून माणसांतच उभे केले. त्यांचे ते पुस्तक आणि ‘मृत्युंजय’ एकाच वर्षी प्रसिद्ध व्हावेत, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. वाचकांनी भावनेची वाट अधिक आपलीशी केली.

याहून गंभीर प्रश्न सामाजिक आहे. कर्णाविषयीची करुणा जातिव्यवस्थेला आव्हान देते, असे मानले जाते. परंतु या करुणेच्या तळाशी एक रहस्य आहे : तो वस्तुतः क्षत्रिय आहे, कुंतीचा ज्येष्ठ पुत्र आहे. वाचकाला हळहळ वाटते ती बव्हंशी ‘चुकीच्या माणसावर’ अन्याय झाल्याची. अधिरथाचा औरस पुत्र तितकाच पराक्रमी असता, तर त्याच्यावरील अन्यायही तितकाच खटकला असता काय? निषादराज हिरण्यधनूचा पुत्र एकलव्य याला आदिपर्वात असे कोणतेही जन्मरहस्य नाही. त्याचा अंगठा कोणत्याही राजवंशाच्या आधाराविना तुटतो. दलित साहित्याने एकलव्य आणि शंबूक यांना आपली प्रतीके मानले, त्यामागे ही सूक्ष्म जाण आहे. विदुराचेही तसेच. दासीपुत्र म्हणून राज्याला मुकलेला हा पुरुष त्याच सभेत न्यायाची बाजू मांडतो. तरीही आवडत्या व्यक्तिरेखांच्या यादीत त्याचे नाव क्वचितच येते.

व्यक्तिरेखेवरील प्रेम हे साहित्याच्या आस्वादाचे पहिले पाऊल आहे. ते हिरावून घेण्याचा अधिकार अध्यापकाला नाही. पण पदव्युत्तर अध्यापन तेथेच थांबले, तर अभ्यासक आणि चाहता यांतील भेद उरत नाही. ‘मृत्युंजय’ वा ‘राधेय’ शिकविताना सभापर्वातील द्यूतप्रसंग, उद्योगपर्वातील कृष्ण-कर्ण संवाद आणि एकलव्याचे उपाख्यान मराठी अनुवादातून शेजारी ठेवले जावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. जन्मावरून माणूस तोलला जाण्याचा अनुभव ज्या विद्यार्थ्याने स्वतः घेतला आहे, त्याच्यासाठी तर हे वाचन अत्यावश्यक ठरते. आपला राग कर्णाच्या झाकल्या गेलेल्या वंशासाठी आहे, की वंश विचारणाऱ्या व्यवस्थेवर, याचा निर्णय त्याने संहिता समोर ठेवूनच करावयाचा आहे.